न नेलेले फोटो

ध्रुवी पंचाल दुकानात आली,
नखांत हिरवा रंग तसाच.
काकी, पंधरा चौकटी उसन्या द्याल?
रविवारी सलाटवाड्यात, बंद छापखान्याच्या हॉलमध्ये
मेलेल्यांचा सण मांडतोय आम्ही.
मेक्सिकोचा.

मी म्हटलं, रिकाम्या कशाला,
भरलेल्याच ने.

माळ्यावर पेटी आहे.
तेवीस वर्षांत लोकांनी मढवायला टाकले
आणि परत नेलेच नाहीत, असे फोटो.
तेराव्याला हवाय म्हणून घाई करतात,
शंभर रुपये आगाऊ ठेवतात,
मग तेरावा होऊन जातो,
भावाभावांत वाटण्या होतात,
कपाट कुणाचं ते ठरतं.
मी दर दिवाळीला काचा पुसते.
चेहऱ्यांची नावं मला ठाऊक नाहीत, नंबर ठाऊक आहेत.
चाळीसची नथ हाताने रंगवलेली.
दोनशे बाराची काळी टोपी.
तीनशे सात म्हणजे एक मूल, लोकरी स्वेटरमध्ये.
ती पावती मी उलगडत नाही.

हॉलमध्ये पोरांनी पतंगाचा कागद दुमडून, कातरून
हाडांच्या नवरानवरीची तोरणं केलेली;
उत्तरायणाला अडीच महिने,
म्हणून कागद स्वस्तात मिळाला.
मातीच्या कवट्या रंगवून ओळीत,
एकीला हेल्मेट.
खंडेराव मार्केटातून तीन गोणी झेंडू.
हे फूल मुळात तिकडचंच, ध्रुवी म्हणाली,
बोटीतून आलं.
आणि आपण दसऱ्याला दारावर चढवतो,
कधी विचारलं नाही, तू कुठला रे.
आम्हाला मात्र सात पिढ्यांनंतरही
कुणीतरी विचारतंच,
तमे मूळ क्यांना?

लोकांनी आपापल्या माणसांचं आणून ठेवलं:
लिलो चेवडो, सेव-उसळ, तर्री वेगळ्या डब्यात,
विडीचं बंडल,
कुणा सुनेने सासूसाठी कानयंत्राचा नवा सेल.
दिघेमास्तर दारातच अडले,
पितर भाद्रपदात जेवून गेले की!
आता पुन्हा बोलावणं? आणि कावळा कुठाय?
तरी चपला काढून आत आले,
सगळ्या फोटोंवरून एक फेरी मारली,
जाताना दोन वेळा नाक पुसलं.

सातच्या सुमाराला एक गृहस्थ
दोनशे बारासमोर उभे राहिले ते हलेचनात.
मला वाटलं, चला, कुणाचं तरी माणूस आलं.
जवळ जाऊन विचारलं, आपले कोण हे?

म्हणाले, मीच.

साठीशांतीला मोठा करून घेतला होता.
हिने टाकला तुमच्याकडे, मला न सांगता.
आणि शांतीच्या आधी
हीच गेली.
पावती तिच्या पर्समध्ये राहिली असेल,
पर्स मी अजून उघडलेली नाही.

मग चष्मा वर करून,
ही निळी कड तिने निवडली का हो?

हो, मी म्हटलं, सोनेरी दाखवली होती,
त्या म्हणाल्या, त्यांना भपका आवडत नाही.
हे मला आठवलं
की तिथल्या तिथे रचलं,
अजून सांगता येत नाही.

ते हसले. स्वतःच्या फोटोपुढचा चेवडा
चिमूटभर उचलून खाल्ला.
बाकी किती?
एकशे चाळीस.
नोटा मोजून दिल्या, सुट्ट्यांसकट,
आणि स्वतःला काखेत धरून
जिना उतरून गेले, कठड्याला हात न लावता.

भिंतीवर मोकळा खिळा.
ध्रुवीने माझं पावतीपुस्तक मागितलं,
शोधून ती कार्बनप्रत फाडली,
खिळ्याला टोचली, खाली एक झेंडू:
नं. २१२. सौ. फणसे. निळी कड. घाई नाही.

रात्री पेटी भरताना
तीनशे सातसमोर एक फिरकी दिसली,
गुलाबी मांजाची, अर्धी वापरलेली.
कुणाची म्हणून मी विचारलं नाही.
फोटोसोबत ठेवून दिली,
आणि या खेपेला झाकण
नीट बसेना.